धमकावलेला कर्मचारी आणि न दिसलेलं मूल

“तुमची मुलगी कोणत्या शाळेत जाते ते मला माहीत आहे.” घरभेटीला आलेल्या बालसंरक्षण कर्मचाऱ्याला एखादा बाप हे हसत हसत, आवाज अजिबात न चढवता सांगतो. शिवी नाही, हात उगारलेला नाही, पोलिसांत सांगायचं तर नेमकं काय सांगायचं हेही कळत नाही. पण पुढच्या भेटीपासून काही गोष्टी बदलतात. भेट थोडी लवकर आटोपते. मुलाची झोपायची जागा बघायची राहून जाते. “तो मामाकडे गेलाय” हे उत्तर पुरेसं वाटायला लागतं. नोंदवहीत मात्र “घरभेट दिली, पालकांनी सहकार्य केलं” असंच लिहिलेलं असतं.

बालसंरक्षणात काम करणाऱ्यांवर होणारी हिंसा हा फक्त नोकरीतल्या त्रासाचा विषय नाही, हे इथे दिसतं. कर्मचाऱ्याच्या मनात बसलेली भीती मुलापर्यंत पोचते, कारण त्या घराचं दार ठोठावण्याचा अधिकार असलेली ती बहुधा एकमेव बाहेरची व्यक्ती असते. ती मागे सरकली की मूल एकटं पडतं.

हिंसा कशाला म्हणायचं

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2019 मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविषयी 190 क्रमांकाचा करार स्वीकारला. तो 25 जून 2021 पासून अमलात आला. त्यातली व्याख्या रुंद आहे. शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा करणारं किंवा तशी इजा होण्याची शक्यता असलेलं वागणं, आणि अशा वागण्याची नुसती धमकीसुद्धा, तिच्यात येते. एकदा घडलं तरी ते मोजलं जातं. कामाचं ठिकाण म्हणजे फक्त कचेरी नव्हे. कामानिमित्तचा प्रवास, कामावर येण्याजाण्याची वाट, फोन आणि संगणकावरून होणारा कामाचा संपर्क हे सगळं त्यात धरलं आहे. कराराला जोडलेल्या 206 क्रमांकाच्या शिफारशीत सामाजिक सेवा आणि एकट्यानं करायची कामं यांचा जास्त धोक्याची क्षेत्रं म्हणून स्पष्ट उल्लेख आहे.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वाट्याला येते ती मारहाण नव्हे. शिवीगाळ, धमक्या आणि आडून घातलेली दहशत यांचं प्रमाण त्याहून खूप मोठं असतं. दारात अंगावर येऊन उभं राहणं. बोलणं चालू असताना दाराला कडी घालणं. कुत्रं मुद्दाम मोकळं सोडणं. न विचारता चित्रण करून ते समाजमाध्यमांवर नावानिशी टाकणं. कचेरीपासून घरापर्यंत गाडीनं पाठलाग करणं. दर आठवड्याला वरिष्ठांकडे नवी खोटी तक्रार करणं. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटू शकते. जोर असतो तो त्या सगळ्या एकाच माणसाकडून महिनोन्‌महिने येत राहण्यात.

हे फक्त घरभेटी देणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच सोसावं लागत नाही. मुलाला घेऊन जाणारा चालक, पालक आणि मुलाच्या भेटीवर लक्ष ठेवणारी मदतनीस, निवासी संस्थेतले काळजीवाहक, अत्याचाराचा संशय कळवणारे डॉक्टर आणि शिक्षक, मुलाची बाजू मांडणारे वकील हे सगळे त्यात येतात. यातल्या मदतनीस आणि चालकांना बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी प्रशिक्षण मिळतं. धोक्याची माहिती असलेली फाइलही त्यांना दाखवली जात नाही.

राग आणि दहशत यांत फरक आहे

हा भाग सावकाश समजून घ्यायला हवा, कारण इथे चूक झाली तर अन्याय दोन्हीकडे होतो.

या कामात माणसं न बोलावता लोकांच्या घरी जातात. “तुम्ही मूल नीट सांभाळत नाही” ही शंका सोबत घेऊनच जातात, आणि त्यांच्या अहवालावरून मूल घरातून हलवलं जाऊ शकतं. अशा वेळी आईबापांनी चिडणं, रडणं, ओरडणं स्वाभाविक आहे. सरकारी यंत्रणेनं आधी वाईट वागवलेल्या कुटुंबात तर ते होणारच. प्रत्येक चढलेल्या आवाजाला “आक्रमक” म्हटलं, तर ज्यांना मदत हवी आहे असे पालक गमावले जातात आणि ते मतही फाइलमध्ये वर्षानुवर्षं चिकटून राहतं.

फरक ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. राग बहुतेक वेळा प्रश्नाशी बांधलेला असतो. नीट ऐकून घेतलं, पुढे काय होणार ते सरळ सांगितलं, की तो उतरतो. दहशत उत्तरानं उतरत नाही. दुसरं, दहशतीत अट असते: “परत आलात तर”, “हे लिहिलंत तर”. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. दहशत ठरावीक विषयाला हात लागला की वाढते. शाळेबद्दल विचारलं तर गप्पा चालतात, पण “मुलाशी पाच मिनिटं एकट्यानं बोलायचंय” म्हटलं की माणूस उठून दारात जाऊन उभा राहतो. तो नेमका कोणत्या प्रश्नाला अडला, हे लिहून ठेवावं. पुढचा तपास तिथूनच सुरू करायचा असतो.

घरात बायकोला मारणारा माणूस अनेकदा कर्मचाऱ्यांवरही तीच हत्यारं चालवतो. कधी गोड बोलणं, मग एकदम गप्प होणं, मग एखादी खाजगी गोष्ट माहीत असल्याची जाणीव करून देणं. त्याच्यासमोर बायकोला “तुम्हाला काही त्रास आहे का?” असं विचारलं, तर त्याची किंमत आपण निघून गेल्यावर ती मोजते. तो प्रश्न वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळीच विचारायचा. आणि आपल्या पोटात गोळा आला असेल तर तीही माहिती आहे. मागे संस्था, कायदा, वाहन आणि फोन असलेल्या प्रौढ माणसाला वीस मिनिटांत एवढी भीती वाटते, तर त्या घरात रात्रंदिवस राहणाऱ्या मुलाचं काय होत असेल, हे अहवालात आलं पाहिजे.

धोका कधी वाढतो

अमेरिकेतल्या चार घटना शेजारी शेजारी ठेवल्या तर बरंच कळतं. 2006 मध्ये केंटकी राज्यात एका मदतनीस बाईंनी तान्ह्या बाळाला आईच्या भेटीसाठी तिच्या घरी नेलं. तिथेच त्या मदतनीस बाईंचा खून झाला. 2015 मध्ये व्हर्मॉन्ट राज्यात मुलीचा ताबा गेलेल्या आईनं संबंधित कर्मचारी महिलेवर कचेरीबाहेर गोळ्या झाडल्या. काम संपवून त्या बाहेर पडल्या होत्या. 2017 मध्ये इलिनॉय राज्यात एका मुलाला ताब्यात घ्यायला गेलेल्या महिलेला बापानं इतकं मारलं की काही महिन्यांनी, 2018 मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. त्याच राज्यात जानेवारी 2022 मध्ये घरभेटीला गेलेल्या आणखी एका महिलेचा खून झाला.

पहिली घटना पालकभेटीत, दुसरी ताबा गेल्यानंतर रस्त्यावर, तिसरी मूल हलवताना आणि चौथी घरभेटीत. म्हणजे “धोका पहिल्या भेटीत असतो, ओळख झाली की कमी होतो” हा समज चुकीचा आहे. मूल गमावण्याची भीती ज्या क्षणी खरी होते, तिथे धोका चढतो. मूल हलवण्याची नोटीस हातात पडणं, न्यायालयाची तारीख, ताब्याचा निकाल, भेटींची संख्या कमी होणं, दत्तक प्रक्रियेचा निर्णय. या प्रत्येक टप्प्याआधी धोक्याचा अंदाज नव्यानं मांडायचा. सहा महिन्यांपूर्वी भरलेला अर्ज तेव्हा उपयोगाचा नसतो. निकालाच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस कचेरीतून एकट्यानं बाहेर पडायचं नाही, गाडी रोजच्या जागी लावायची नाही, आणि स्वागतकक्षात बसणाऱ्या माणसाला त्या व्यक्तीचं नाव माहीत असलं पाहिजे. हा शेवटचा निरोप हमखास राहून जातो.

भीती कामाला कशी वाकवते

धमकी मिळालेले कर्मचारी सहसा काम सोडून पळत नाहीत. ते काम करत राहतात, पण काम आतून पोखरलं जातं. न कळवता जाण्याऐवजी आधी फोन करून जाणं सुरू होतं. बोलणं दारातच उरकलं जातं. सगळा वेळ जो पालक शांत बोलतो त्याच्याशी जातो. अवघड प्रश्न “पुढच्या वेळी” वर ढकलले जातात. जखमेबद्दल पालकांनी दिलेलं स्पष्टीकरण डॉक्टरांकडे न पडताळता लिहून घेतलं जातं. अहवालातले शब्द मऊ होत जातात: “मारतो” ऐवजी “शिस्तीबाबत मतभेद”.

ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी या अवस्थेची तुलना ओलीस धरलेल्या माणसाच्या मनाशी केली आहे. सुटका होत नसेल तर मन धमकावणाऱ्याशी जुळवून घेतं, त्याच्या नजरेनं बघायला लागतं आणि त्यानं दाखवलेल्या लहानशा चांगुलपणाला मोठं मानतं. एकदा चहाला बोलावलं म्हणून “कुटुंबाची प्रगती” लिहिली जाते. ही चारित्र्यातली उणीव नाही. दीर्घकाळ भीतीत ठेवलेल्या कुठल्याही माणसाचं मन असंच करतं, म्हणूनच हे त्या माणसाला स्वतःला दिसत नाही आणि बाहेरून कुणीतरी दाखवावं लागतं.

ते काम पर्यवेक्षकांचं. “सगळं ठीक?” या प्रश्नाला “हो” एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: “या घरी जायचं म्हटलं की काय नको वाटतं? गेल्या भेटीत काय करायचं ठरवलं होतं आणि काय राहिलं? मुलाला शेवटचं एकटं कधी भेटलात?” तिसऱ्या प्रश्नाला तारीख मागायची. तारीख सांगता आली नाही, तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला सोबत देऊन भेट लगेच ठरवायची.

भेटीला निघण्यापूर्वी

फाइल वाचताना कुटुंबाच्या इतिहासाबरोबर आज त्या घरात कोण कोण असू शकतं, हे शोधायचं. आईचा नवा जोडीदार, तुरुंगातून नुकताच सुटलेला काका, व्यसन, हत्यारं, कुत्री, आधीच्या कर्मचाऱ्याला दिलेल्या धमक्या. आधीची धमकी फाइलच्या तळाशी पुरलेली असेल तर तिचा उपयोग नाही. ती पहिल्या पानावर तारखेसह हवी आणि शाळा, दवाखाना यांसारख्या त्या घरी माणसं पाठवणाऱ्या इतर संस्थांपर्यंतही पोचायला हवी.

दोघांनी जायचं ठरलं तर कामं वाटून घ्यावीत. एक जण बोलतो, दुसरा बघतो: दार, हात, घरातले बाकीचे लोक, मूल. दोघंही बोलत बसले तर दुसऱ्या माणसाचा उपयोग उरत नाही. पोलिसांना सोबत न्यायचं का, हा निर्णय तोलून घ्यायचा. मूल हलवताना त्यांची गरज जवळपास नेहमी असते. साध्या भेटीत मात्र गणवेश दिसला की कुटुंबाचा विश्वास तुटू शकतो. अशा वेळी भेट घराऐवजी कचेरीत किंवा शाळेत घेणं चांगलं, पण मुलाचं घर बघायचंच असेल तर तो पर्याय पळवाट ठरतो.

गाडी निघण्याच्या दिशेनं तोंड करून आणि दुसरी गाडी आडवी लावता येणार नाही अशा जागी उभी करावी. घराच्या आवारात नेऊ नये. इंधन पुरेसं हवं, फोन पूर्ण चार्ज हवा आणि फाइल सीटवर उघडी नको. ओळखपत्राची गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी असावी. पायांत पळता येईल असं काहीतरी असावं.

मग येते संपर्काची पद्धत. कागदावर ती बहुतेक संस्थांत असते आणि नेमकी गरज पडते तेव्हा फसते. ती अशी बांधावी. निघताना ठरलेल्या एका व्यक्तीकडे पत्ता, गाडीचा क्रमांक, कुणाला भेटायचं आहे आणि बाहेर पडायची अपेक्षित वेळ लिहून द्यायची. ती वेळ उलटून दहा मिनिटं झाली तरी फोन आला नाही, तर त्या व्यक्तीनं फोन करायचा. उत्तर नाही मिळालं तर पाच मिनिटांनी पुन्हा. तेव्हाही नाही, तर पर्यवेक्षकांना कळवून पोलिसांना पत्ता द्यायचा. किती मिनिटं थांबायचं हे संस्थेनं आपल्या भागाप्रमाणे ठरवावं, पण आकडा लिहिलेला हवा. नाहीतर प्रत्येक जण “अजून थोडा वेळ बघू” म्हणत बसतो.

फसतं कुठे? “ऑफिसला कळवलंय” म्हणजे प्रत्यक्षात कुणालाच नेमकं कळवलेलं नसतं. दिवसाची शेवटची भेट संध्याकाळी असते आणि फोनची वाट बघणारी व्यक्ती आपली वेळ संपली म्हणून घरी गेलेली असते. मदतीसाठी ठरवलेलं सांकेतिक वाक्य इतकं विचित्र असतं की समोरच्याला लगेच संशय येतो, किंवा फोन घेणाऱ्या नव्या माणसाला ते माहीतच नसतं. वाक्य रोजच्या कामातलं हवं, उदाहरणार्थ “दुपारची मीटिंग पुढे ढकला, निळी फाइल टेबलावर आहे.” ते ऐकणाऱ्यानं मग फक्त हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे: “पोलीस पाठवू का? हत्यार आहे का?” महिन्यातून एकदा न सांगता याची चाचणी घ्यावी. धोक्याचं बटण असलेली उपकरणं चांगली, पण त्या बटणाच्या दुसऱ्या टोकाला चोवीस तास जागं माणूस आहे का, आणि त्या वस्तीत नेटवर्क येतं का, हे आधी तपासायचं.

दारात आणि आत

दार वाजवल्यावर एक पाऊल मागे आणि किंचित बाजूला उभं राहावं. काही क्षण कान द्यावा. आत भांडण चालू आहे, अपेक्षित व्यक्ती घरी नाही, दार उघडणारा नशेत आहे, अशा वेळी आत जाण्याची घाई करू नये. आत जाताना घरच्या माणसाला पुढे चालू द्यावं. स्वयंपाकघरात बसणं टाळावं, तिथे सुऱ्या हाताशी असतात. खोल सोफ्यापेक्षा साधी खुर्ची बरी, कारण तिच्यावरून पटकन उठता येतं. दाराकडे जायची वाट आपल्यालाही मोकळी हवी आणि त्या माणसालाही. कोंडल्यासारखं वाटलं की माणूस जास्त हिंसक होतो, हे अनेकदा विसरलं जातं. कुत्रं दुसऱ्या खोलीत ठेवायला आणि दाराची कडी काढायला सरळ, नम्रपणे सांगावं.

तणाव वाढला तर “शांत व्हा” म्हणू नये, त्यानं भडका उडतो. वाक्यं छोटी ठेवावीत. दिसतंय ते बोलावं आणि पर्याय द्यावा: “तुम्ही उभे राहून मोठ्यानं बोलताय, मला असं बोलता येत नाही. बसून बोलूया, नाहीतर मी आता निघतो आणि उद्या कचेरीत भेटू.” मुलाबद्दल न पाळता येणारं वचन त्या क्षणाच्या सुटकेसाठी देऊ नये. तो माणूस येरझाऱ्या घालू लागला, बोलताबोलता एकदम गप्प झाला, मुठी आवळल्या, इतरांना खोलीबाहेर पाठवू लागला किंवा दाराच्या आड आला, तर संभाषण संपलं. “गाडीतून एक कागद आणतो” एवढं कारण पुरे. बॅग आत राहिली तरी राहू द्यावी. 190 क्रमांकाच्या करारात प्राणाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला गंभीर आणि तत्काळ धोका वाटत असेल तर तिथून निघून जाण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या करारानुसार त्याबद्दल शिक्षा करता येत नाही.

पण आपण बाहेर पडलो तरी मूल आतच आहे. गाडीत बसून सुरक्षित ठिकाणी पोचलं की पहिला फोन पर्यवेक्षकांना, आणि पहिला विषय मुलाचा: ते दिसलं का, कोणत्या अवस्थेत दिसलं, पुढचे काही तास ते सुरक्षित आहे का, पोलिसांनी आता लगेच जायला हवं का. हा निर्णय त्याच तासात व्हावा. उद्याच्या बैठकीवर टाकू नये.

लिहायचं कसं

“वडील आक्रमक होते” या वाक्याला न्यायालयात काही वजन नाही आणि पुढच्या कर्मचाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी: “4.20 वाजता मुलाशी एकट्यानं बोलायचं आहे असं सांगितलं. वडील उठले, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, ‘माझ्या परवानगीशिवाय इथून कुणी जात नाही.’ आई आणि मोठा मुलगा खोलीत होते. 4.35 ला कडी काढली. मुलाशी बोलणं झालं नाही, त्याची खोली पाहिली नाही.” शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. भेट झाली आणि मूल पाहिलं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

समाजमाध्यमांवरच्या धमकीला उत्तर देऊ नये. तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असं पडद्याचं छायाचित्र घ्यावं, दुवा जपावा आणि मगच तो मजकूर हटवण्यासाठी त्या माध्यमाला कळवावं.

घटनेनंतर संस्थेनं काय करायचं

त्याच दिवशी वरिष्ठांनी समोर बसून ऐकून घ्यायचं. इजा असेल तर वैद्यकीय तपासणी, घरी सोडायला कुणीतरी, आणि त्या दिवशीच्या उरलेल्या भेटी दुसऱ्यांकडे. पोलिसांत तक्रार संस्थेच्या नावानं आणि संस्थेच्या पत्त्यावरून करावी, म्हणजे घरचा पत्ता समोरच्याच्या हाती लागत नाही. “तुम्हाला वाटत असेल तर तक्रार करा” असं म्हणून ओझं त्या एकट्या माणसावर टाकणं ही मोठी चूक आहे.

ते कुटुंब दुसऱ्याकडे सोपवायचं का? धमकी दिली की कर्मचारी बदलतो हे एकदा कळलं, की पुढच्यालाही धमकी मिळते. उलट, घाबरलेल्या किंवा मार खाल्लेल्या माणसाला तिथेच ढकलणं क्रूर आहे. मधला मार्ग असतो. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र जातं. त्यात काय घडलं, ते का चालणार नाही आणि पुढच्या भेटी कशा होतील, हे लिहिलेलं असतं. भेटी दोघांच्या होतात. बदल करायचाच झाला तर तो संस्थेचा निर्णय म्हणून सांगितला जातो, आणि मुलाला ओळखणारी एक तरी व्यक्ती कायम राहते. काही संस्थांत अवघड घरं सर्वांत नव्या माणसाच्या वाट्याला येतात, कारण जुने लोक ती घ्यायला तयार नसतात. हे तात्काळ थांबवायला हवं.

तक्रारींचं काय, हा नाजूक प्रश्न आहे. कुटुंबांचा तक्रारीचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे, कारण यंत्रणेच्याही चुका होतात आणि त्यांत मुलं भरडली जातात. म्हणून प्रत्येक तक्रार तपासावी, पण प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीनं, आणि मूळ काम न थांबवता. जनतेचा रोषही माणसं मोडतो. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये एका बालकाच्या मृत्यूच्या खटल्यानंतर एका वृत्तपत्रानं संबंधित कर्मचाऱ्यांना काढून टाकण्याची मोहीम चालवली. तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. चूक झाली असेल तर चौकशी व्हावी. पण ती जमावानं केली, तर उरलेले लोक मुलापेक्षा स्वतःच्या बचावासाठी काम करू लागतात.

घटना नोंदवल्या न जाण्याची कारणं ठरलेली आहेत: हा कामाचाच भाग आहे असा समज, आपण कमकुवत दिसू ही भीती, लांबलचक अर्ज, आणि आधीच्या वेळी काहीच झालं नाही हा अनुभव. त्यामुळे वर्षभरात एकही नोंद नसलेल्या विभागाला सुरक्षित मानू नये, तिथे जाऊन विचारावं. अर्ज एका पानाचा असावा, फोनवरूनही नोंद घेता यावी, आणि नोंद करणाऱ्याला ठरलेल्या दिवसांत “आम्ही हे केलं” असं लेखी कळावं.

घटनेनंतर त्या घरी होणारी पहिली भेट आधीच ठरवून घ्यावी: कोण जाणार, मागच्या प्रसंगाबद्दल पहिलं वाक्य कोण बोलणार, कधी उठायचं. त्या भेटीचा उद्देश लेखी एकच असावा, मागच्या वेळी जो प्रश्न अडला तो पुन्हा विचारणं आणि मुलाला एकट्यानं भेटणं. तेही घरी होत नसेल तर त्याच आठवड्यात शाळेत.